ज्या बाजूला भार झुकला

कसाल, २० मार्च १९६२

मालवणच्या मुक्कामी असलेल्यांना, कसालच्या घरून सुभद्राचा नमस्कार.

जानकी वन्सं आणि गुरुदास भावोजींनाही नमस्कार. भावोजींना जरा जास्तच, कारण हे पत्र तेच तुम्हाला वाचून दाखवणार. तुम्हाला अक्षर येत नाही. मला चौथीपर्यंतचं येतं, तेही वालावलच्या शाळेतलं, म्हणून लिहायला बसले की ही अशी पुस्तकातली भाषा येते. बोलतेवेळी मी अशी नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

गुरुवारी तुम्हाला न्यायला मी सावंतवाडीच्या इस्पितळात आले. धुतलेलं धोतर आणलं होतं, मुनीरने लॉरीत गवत पसरून वर गोधडी घातली होती. खाट रिकामी. वॉर्डातली बाई म्हणाली, "गेलो तो भयणीवांगडा. तुका म्हायत नाय?" मी म्हटलं, माहीत होतं, विसरले. आणखी काय म्हणणार?

मुनीर लॉरीतून उतरलासुद्धा नव्हता. मला एकटी बघून त्याने गोधडीची घडी घातली. तसेच कसालला परतलो.

तुम्ही वन्संकडे गेलात यात वाईट काही नाही. बहिणीचं घर आहे, समुद्राची हवा आहे. मला सांगून गेला असतात तर मीच कपडे बांधून दिले असते.

वखारीवरचे सगळे विचारतात. बाबू तर रोज संध्याकाळी येऊन पायरीवर बसतो. साखळी त्याच्या हातून सुटली हे त्याच्या मनातून जात नाही. मी त्याला सांगितलं, कारकून खालून ओरडत होता, दुसरी गाडी रस्त्यात उभी आहे, लवकर सोड. तू सोडलीस. त्या ट्रेलरवर दुसरा कोणी असता तर त्यानेही सोडली असती.

मुनीरने मला सगळं सांगितलं. आंबोलीच्या घाटात वळणावर समोरून एस्टी आली आणि त्याने करकचून ब्रेक मारला. मागे ट्रेलरवरचे ओंडके सरकले, सगळा भार ओंडके अडवणाऱ्या डाव्या खुंट्यांवर आला. वखारीत शिरताना तो ओरडला, "भार डावीकडे आसा रे!" पण करवत चालू होती. तुम्ही डावीकडेच खाली वाकून वासे लावत होता, ओंडके घरंगळत उतरवायला. साखळी सुटली, खुंटा मोडला. एवढंच झालं. त्या दिवशी तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

गाय बरी आहे. उत्तर द्या.

सुभद्रा


कसाल, ११ मे १९६२

मालवणकरांना नमस्कार.

वन्संचं पत्र आलं, भावोजींच्या अक्षरात. "तो ऐकतो आणि उठून समुद्राकडे जातो. तू लिहू नको, त्याला त्रास होतो."

कुबडी घेऊन उठतात ना? रेतीत कुबडी रुतत असेल. मग त्रास पत्राचा की रेतीचा, हे वन्संनी नीट बघावं.

मी लिहिणार. भावोजी, तुम्ही वाचा. ते उठून गेले तर मागून जा आणि मोठ्याने वाचा.

तुमचा राग कशावर आहे ते मला ठाऊक आहे. तो पत्रातून वर आला नाही तर आत कुजेल, म्हणून आज मीच काढते. पाय कापायच्या कागदावर मी सही केली.

तुम्ही तापात होता. तुम्हाला काय आठवतं आणि काय नाही, मला कळायला मार्ग नाही. डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले. म्हणाले, "बाई, गुडघ्याखाली काही उरलेलं नाही. विष वर चढतंय. आज कापला नाही तर उद्या परवा मला तुम्हाला दुसरंच काही सांगावं लागेल." मी विचारलं, दुसरा उपाय? ते म्हणाले, "असता तर मी तुम्हाला इथे उभं केलं नसतं." बरा माणूस होता. घाई केली नाही.

मी आत आले, तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझं मनगट धरलंत. ताप असूनही हात सोडवता येईना. तुम्ही म्हणालात, "पाय कापूक दिलंस तर तुझा तोंड माका दाखवू नको."

मी उठले. बाहेर गेले, सही केली. नाव पूर्ण लिहिलं, सौभाग्यवतीसकट.

दोन महिने सगळे मला सांगतात, जा, पाय धर, माफी माग. आई वालावलहून आली, तिनेही तेच सांगितलं. मी माफी मागणार नाही. भावोजी, हे वाक्य दोनदा वाचा. मला तुम्ही जिवंत हवे होता. पायासकट मिळाला असतात तर चांगलंच झालं असतं. तसं मिळत नव्हतं. तोच डॉक्टर आणि तोच कागद आज कोणी पुढे आणला तर मी तीच सही करीन.

तोंड दाखवू नको म्हणालात, तर दाखवत नाही. पत्राला तोंड नसतं.

सुभद्रा


कसाल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९६२

नमस्कार.

पावसात लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पण दिवसभर चिखलात राहून रात्री बोटं वळत नव्हती. लावणी मी आणि शेवंतीने मिळून उरकली. शेवंती म्हणजे धोंडूची बायको, तुमच्या टोळीतल्या धोंडूची. तिच्या शेतात मी, माझ्या शेतात ती. आता भात पिवळं झालंय.

काल सोनं लुटलं. लुगड्यांनी मढवलेल्या उंच काठीवर देवाचं तरंग निघालं. यंदा ते कोणी घेतलं हे तुम्ही विचारणार नाही, पण तुमच्या मनात ते कालपासून असणार. बाबूने घेतलं. मानकऱ्यांनी त्याच्या हातात दिलं तेव्हा तो रडायला लागला. तुमचं नाव घेऊन म्हणाला, "ह्या लवूचा. माका नको." मग त्याला दोघांनी धरून उभं केलं. ढोल वाजला तसा चालला, पण तुमच्यासारखा नाही. तुम्ही तरंग घेऊन निघालात की बघणाऱ्यांचे पाय जमिनीवर राहत नसत. बाबू खाली बघत चालला, ठेच लागेल म्हणून.

मी गर्दीत मागे उभी होते. पहिल्यांदा मला तुमचा राग थोडा कळला. पाय म्हणजे तुमच्या दृष्टीने काय होता ते मला व्हरांड्यात उभी असताना आठवलं नव्हतं. आठवलं असतं तरी सही केलीच असती. पण आठवायला हवं होतं.

आता एक गोष्ट जी मी लपवली आहे. मुनीर मालवणचाच असल्याने तुम्हाला त्याच्याकडून कधीतरी कळेल, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. मी वखारीवर कामाला जाते. उतरवलेल्या ओंडक्यांची साल काढायला चार बायका घेतल्या आहेत, त्यात मी. उन्हाळ्यातही जात होते. मे महिन्यातलं पत्र मी तिथे दुपारच्या सुट्टीत लिहिलं.

तुम्हाला आवडणार नाही. घरात बसून मला भिंती खायला उठतात. संध्याकाळी चूल पेटवते आणि एका माणसाचा भात किती लावायचा ते अजून जमत नाही. उरतो. सकाळी तोच खाते. पेजेची सवय मोडली. वखारीवर निदान करवत बोलते.

जिथे तुम्ही पडलात ती जागा मला दाखवायची कोणी हिंमत केली नाही. मी विचारलंही नाही. पण बायका एका ठिकाणी ओंडका ओढून बसत नाहीत, त्यावरून मला कळलं. मी तिथेच बसते. सावली चांगली आहे.

सुभद्रा


कसाल, १४ जानेवारी १९६३

नमस्कार. आज संक्रांत, तीळगूळ मुनीरबरोबर पाठवला आहे. गोड बोला असं मी म्हणणार नाही, नुसतं बोला.

पण हे पत्र तीळगुळाचं नाही. धोंडूला लागलं.

शनिवारी ट्रेलर आला. मुनीरचा नव्हता, घाटावरून आलेला कोणी नवा ड्रायव्हर होता. मी साल काढत होते, समोरच होतं सगळं. ड्रायव्हर उतरून चहाला गेला. टोळीने मागचा पुढचा काही विचार न करता साखळी सोडली. लगेच काही झालं नाही. सगळे हसले. धोंडू वासे लावायला पुढे झाला आणि मग वरचा ओंडका हलला. मी ओरडले. तुमच्या वेळी मी घरी होते, मला माहीत नव्हतं की त्याचा आवाज असा असतो. जसं कोणी अंगणात मोठा पाट टाकावा. नंतर काहीच ऐकू येत नाही.

ओंडका त्याच्या खांद्यावरून गेला. गळ्याजवळचं हाड मोडलं, हात मोडला. जगेल. हात पूर्वीसारखा उचलेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. शेवंती आली तेव्हा मी तिला धरून बसले होते. ती सारखी मला विचारत होती, "कापूचो तर नाय ना? सुभद्रा, कापूचो नाय ना?" मी म्हटलं, नाही. आणि कापायचा असला तरी तू सही कर.

दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्रेलर आला आणि टोळीतला एकही माणूस उठला नाही. कारकून ओरडला, शेठ आले, शेठही ओरडले. बाबू म्हणाला, "भार खंयच्या बाजून झुकलो तां बघणारो माणूस व्हयो. तो दिसल्याबिगर आमी हात लावचव नाय." शेठ म्हणाले, "मगे तूच बघ." बाबू म्हणाला, "माका कळणा नाय. लवूक कळता." मग सगळ्यांनीच तुमचं नाव घेतलं.

ते खरं आहे. तुम्ही टोळीचे पुढारी असताना ट्रेलर आला की आधी भोवती एक चक्कर मारायचात, खुंट्याला हात लावायचात, आणि मग सांगायचात कोणी कुठे उभं राहायचं. त्या एका दिवशी कारकुनाने तुम्हाला चक्कर मारू दिली नाही.

ट्रेलर अजून रस्त्यात भरलेला उभा आहे. शेठनी बाबूला विचारलं, तो येईल का? बाबूने मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, माझ्याशी ते बोलत नाहीत.

चक्कर मारायला कुबडी चालते. ओरडायला तर पाय लागतच नाही. याच्यापुढे मी काही सांगत नाही. माझ्यासाठी येऊ नका. मी वखारीवर असते म्हणून न येणार असाल, तर ट्रेलरच्या दिवशी मी कामाला जाणार नाही.

सुभद्रा


कसाल, २ फेब्रुवारी १९६३

नमस्कार.

काल तुम्ही आलात. मी कामाला जाणार नाही असं लिहिलं होतं, पण तुम्ही कोणत्या दिवशी येणार ते मला कोण सांगणार? तुम्ही सकाळच्या मालवण गाडीने उतरलात तेव्हा मी सालीच्या ढिगामागे होते. उठून जायचं म्हटलं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागलं असतं. म्हणून बसून राहिले. हे खोटं नाही.

तुम्ही बारीक झाला आहात. दाढी वाढली आहे. उजव्या काखेखाली सदरा विरलाय, कुबडी घासून. तिथे आतून दुहेरी कापड लावायला वन्संना सांगा.

वखारीत सगळ्यांनी हातातली कामं टाकली. बाबू तर पार लांब जाऊन उभा राहिला. तुम्ही कोणाकडे बघितलं नाही. ट्रेलरभोवती निघालात. केवढा वेळ लागला. जमीन सारखी नाही, तिथे साली, दगड, चाकांच्या चाऱ्या. एकदा कुबडी घसरली आणि सगळी टोळी पुढे धावली. तुम्ही म्हणालात, "रवा थंयच!" सगळे थांबले. मी पण अर्धी उठले होते, बसले.

चक्कर पूर्ण झाली. तुम्ही खुंट्याला हात लावलात, मान वर करून बघत राहिलात. मग तुमचा आवाज आला. वर्षभराने ऐकला. "कोणी उजवीकडे रवायचा नाय! बाबू, हयसर ये. वर चढ. साखळी सोडूची नाय, माका सांगूक दी. तू माझ्या तोंडाकडे बघ, कारकुनाच्या बघू नको." बाबू वर चढला आणि साखळीला हात घालून तुमच्या तोंडाकडे बघत बसला. तुम्ही सगळ्यांना दोन्ही टोकांना नेलंत, बाजू मोकळी केलीत. कारकून काहीतरी बोलायला आला, तर शेठनीच त्याला मागे ओढलं. मग तुम्ही म्हणालात, "सोड."

अख्खी उजवी बाजू खाली आली. धुरळा इतका उडाला की तुम्ही दिसेनासे झालात. खाली माणूस नव्हता. धुरळा बसला तेव्हा तुम्ही तिथेच उभे होता, जिथे आधी होता, आणि बाबू ट्रेलरवर डोकं गुडघ्यांत घालून बसला होता. तुम्ही त्याला म्हणालात, "उतर आता. झाला." तेवढंच. मला वाटतं त्याला वर्षभर तेवढंच हवं होतं.

जाताना तुम्ही माझ्या समोरून गेलात. तुम्ही बसस्टँडकडे बघत होता. मी सालीकडे बघत होते.

मी घरी गेले आणि भात दोघांचा लावला. तुम्ही येणार नाही हे ठाऊक होतं. पण इतके दिवस चुकून जास्त होत होता, काल एकदा जाणूनबुजून लावला.

सुभद्रा


कसाल, ९ एप्रिल १९६३

नमस्कार.

आता तुम्ही ट्रेलरच्या दिवशी येता आणि संध्याकाळच्या गाडीने जाता. आपण दोघं एका वखारीत असतो. तुम्ही धोंडूशी बोलता, त्याच्या मोडक्या हाताची चौकशी करता. शेवंतीशी बोलता. माझ्याशी नाही. मीही बोलत नाही. कोणाकोणाला हसू येतं. मला नाही येत.

काल मुनीर दारात आला. पायरी चढला नाही. कधी नव्हे तो खाली बघत होता. म्हणाला, "वयनी, लवूने एक विचारूक सांगल्यान. माका विचारूक बरा वाटणा नाय." मी म्हटलं, विचार. तो म्हणाला, "पाय खंय आसा, म्हणून विचारल्यान."

मी त्याला म्हटलं, तू सांगायचं होतंस, तू होतास की. तो म्हणाला, "ता तुमी सांगूचा."

म्हणून सांगते. भावोजी, यातलं एक अक्षर गाळू नका.

कापल्यावर वॉर्डातल्या माणसाने मला बोलावलं. विचारलं, आम्ही लावू विल्हेवाट की तुम्ही नेता? मला वाटलं नव्हतं असं काही विचारतात. मी म्हटलं, नेते. त्याने जाड कापडात बांधून दिला. तुम्ही अजून गुंगीत होता. वन्सं तुमच्यापाशी बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, येते. कुठे जाते ते सांगितलं नाही, त्यांना सहन झालं नसतं.

वन्सं मागाहून म्हणाल्या की डोळे उघडल्यावर तुम्ही आधी मला शोधलंत आणि मी नव्हते. मी तोंड लपवून पळाले असं तुम्हाला वाटलं असेल. मी पळाले नव्हते. मी मुनीरच्या लॉरीत बसले होते, मांडीवर तुमचा पाय घेऊन. मुनीर म्हणाला मागे ठेवूया, मी ठेवू दिला नाही. मागे ओंडके असतात. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. सावंतवाडी ते कसाल मी तो दोन्ही हातांनी धरून आणला, खड्डा आला की वर उचलून. सोडून पाहिलं नाही. कापडावरून टाच हाताला लागत होती, मला ओळखू आली.

आपल्या परड्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे पावसाचं पाणी साचत नाही, तिथे मुनीरने खड्डा खणला. कंबरेएवढा, कुत्रं उकरणार नाही असा. मग त्याने मला विचारलं, "वयनी, तुमच्यात काय म्हणतत?" मी म्हटलं, मला माहीत नाही, भटांना विचारायला गेले तर गावभर होईल. तो म्हणाला, "मगे मी माझा म्हणू?" मी म्हटलं, म्हण. त्याने हात पसरून मनात काहीतरी म्हटलं. मी मूठभर तांदूळ आणून टाकले. मला एवढंच सुचलं. मग माती लोटली.

परत सावंतवाडीला जायला गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्ही तोंड भिंतीकडे केलेलं होतंत. मी सांगणार होते. तुमच्या पाठीला कसं सांगू?

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. आजवर तुम्ही विचारलं नव्हतंत.

खूण म्हणून तिथे दगड ठेवलेला नाही. मला लागत नाही. परड्यात मी सगळीकडे काही ना काही लावलं, वाली, मिरच्या, दोन केळी. तेवढा तुकडा रिकामा सोडला आहे. शेवंती म्हणते, चांगली जागा वाया घालवलीस, सुरण तरी लाव. मी तिला काही सांगत नाही. तो तुकडा तुमचा आहे, तिथे काय लावायचं ते मी कसं ठरवू?

येऊन बघा आणि सांगा. वखारीवरून घरापर्यंत चढ आहे, पण बाबूने चार ठिकाणी पायऱ्या खणून दिल्या आहेत. मी सांगितलं नव्हतं त्याला.

सुभद्रा